ओल्या रंगावरचा हात

वैशाखात आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. आषाढ सरत आला तरी दिलं नव्हतं.

पत्र लांबलचक असतं तर गोष्ट निराळी. पण ते वहीच्या अर्ध्या पानात मावलेलं होतं. सोबत एक फोटो. अक्षर गोल, ठळक, आणि ओळी शेवटाकडे जरा वर चढलेल्या, भरतीच्या पाण्यावर होडी चढते तशा.

"दामोदररावांस मालूचा नमस्कार. ऋतुजानं फोटो छापून आणला. एक तुम्हाला पाठवते. पाठीमागं नावं लिहून परत धाडा, तुमची रीत आहे तशी. एक विचारायचं होतं. बोटीवर हात ठेवलात तो पाय घसरला म्हणून, का आपणहून? जे असेल ते लिहा. राग नाही."

जे असेल ते लिहा...

रोह्याच्या वाचनालयात माझं आयुष्य गेलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांवर मी तारखेचे शिक्के मारले. स्वतः काही लिहायची वेळ आली की पहिलं वाक्य लिहितो, ते कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं आणि खोडतो. लग्नाचंही तसंच झालं. मी विचार करत राहिलो, आणि विचार संपला तेव्हा मुली दाखवणारे मध्यस्थच म्हातारे झाले होते. आता रोह्याजवळच्या वरसे गावात पुतण्या गणेश आणि त्याची बायको मनाली यांच्याकडे खालची खोली माझी. खोलीत पुस्तकं, आणि पुस्तकांत मी.

तर हात कुठल्या बोटीवर आणि पाय कुठे घसरला, ते आधी सांगायला हवं.

पौषातली गोष्ट. मी पेणला गेलो होतो, बाबांच्या जुन्या फोटोची काच बदलायला. बाजारात फ्रेमा करणारं एक जुनं दुकान होतं. होतं म्हणायचं, कारण मी पोचलो तेव्हा मालकाचा मुलगा सगळं सामान फुटपाथवर काढत होता. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळणार होती.

एका खोक्यात फोटो होते. काळे-पांढरे, कडा कातरलेले. पूर्वी त्याच दुकानात एक फोटोग्राफर बसायचा, तो सणावारी खाडीतल्या बेटावर जाऊन फोटो काढायचा, आणि लोकांनी न नेलेले हे फोटो तसेच राहिले होते. मुलगा म्हणाला, "काका, रद्दीतच चाललेत. हवे तर न्या."

मी पायरीवर बसून खोकं उघडलं. वरचाच फोटो एका बाईचा. डोक्यावर मासळीची पाटी, नेसूचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट, अंबाड्यात भरगच्च फुलं. आणि फोटोग्राफरकडे अशी बघत होती की तो घाबरला असावा, फोटो जरा हलला होता.

"लई वेळ बघताय त्या बाईकडं."

मी दचकलो. शेजारीच गोणपाटावर सुकी मासळी मांडून एक बाई बसली होती. बोंबलाच्या जुड्या, सुकटीचा ढीग, आणि ढिगामागून दोन हसरे डोळे. वय माझ्याहून थोडं कमी. नाकात मोरणी, केस बरेच पांढरे, त्यात अबोलीचा गजरा.

"नाही, मी... मी फक्त फोटो..."

"बघा, बघा. तिच्याकडं सगळेच बघायचे." तिने हात पुढे केला. "माजी आय हाय ती."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिने फोटो घेतला, पदराने पुसला, आणि हसणं मधेच थांबलं. तसाच फोटो उन्हात धरून ती बराच वेळ बसली. समोर गिऱ्हाईक बोंबलाचा भाव विचारत होतं, तिला ऐकूच आलं नाही.

"आमच्या घरात तिचा एकबी फोटो नाय," ती म्हणाली. "पुराच्या पान्यात गेले सगळे."

मी म्हणालो, "मग हा तुमचाच. सगळं खोकंच तुमचं, ताई."

"ताई नका म्हनू." डोळे पुन्हा हसायला लागले. "ताई म्हनून भाव पाडून घेनारे रोज येतात. मालू म्हना."

मालू म्हणायला मला त्यानंतर महिना लागला.

खोकं तिने घेतलं नाही. बेटावर दमट हवेत फोटो खराब होतील, म्हणाली. तुमच्याकडे कोरडी जागा आहे, तुम्ही ठेवा. पण माझी सवय नडली. फोटोंवर नावं नव्हती, आणि नाव नसलेली वस्तू कपाटात ठेवणं मला जमत नाही. म्हणून ठरलं, दर बाजाराच्या दिवशी मी रोह्याहून मेमू गाडीने पेणला यायचं, थोडे फोटो आणायचे, तिने माणसं सांगायची, मी पाठीमागे लिहायचं.

पहिल्याच दिवशी वाद झाला. मी पेन्सिलीने सुबक अक्षरात लिहिलं, 'धोंडुबाई, मासळी विक्रेती.' आणि तिला वाचून दाखवलं.

"हे काय लिवलं?"

"का? चुकलं?"

"अवं, धोंडुबाया बेटावर पाच व्हत्या. आनि मासळी तर सगळ्याच इकायच्या. ही कोनाची, ते लिवा."

"म्हणजे?"

"मानूस कोनाचं, ते आधी. नाव मंग."

मी खोडून लिहिलं, 'मालूची आई, धोंडुबाई.' तिने मान डोलावली. मग गठ्ठ्यातले सगळे फोटो तसेच लिहिले गेले. डावीकडून, रघूचा बाप. त्याच्या मांडीवर रघूची बहीण. उजवीकडे उभा, कोणाचाच नाही असा वाटणारा माणूस... "तो आमचा पान्याच्या होडीवाला. तो सगळ्यांचा."

त्या फोटोंतून मला ते बेट दिसू लागलं. धरमतरची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला, तिवरांनी वेढलेलं, म्हणून तिवरबेट. गोडं पाणी नाही, ते पिंपांतून होडीने यायचं. एका फोटोत बेटावर आलेला पहिला रेडिओ, आणि त्याच्याभोवती सगळा गाव असा बसलेला, जसा कोणी पाहुणाच आलाय. एकात लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणि तिला जीभ लावणारी पोरं. एकात काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, आणि त्यांच्या सावलीत झोपलेला कुत्रा. मी विचारलं, "हा कोणाचा?"

मालू पोट धरून हसली. "कुत्र्याचं बी लिवता? लिवा लिवा. माजा."

मी रिकाम्या हाताने कसा जाणार? आमचं मूळ घर खांब गावचं, तिथल्या शेतातले कडवे वाल येतात. मी ते पिशवीत घालून नेत असे. ती त्याच पिशवीत सुकट भरून द्यायची. मनालीने एकदा फडताळ उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, ही सुकट कोण खाणार? कंपनीत डबा उघडला की माझ्या शिफ्टमधल्या बायका टेबल सोडून जातात."

"घरात वाल उरतात, ते देतो मी... मग ती देते..."

"ती कोण?"

"मासळीवाल्या बाई."

"मासळीवाल्या बाईंना भेटायला इस्त्रीचा शर्ट लागतो का हो?"

मी पुस्तक उघडलं. उलटं धरलं होतं, हे तिने सांगेपर्यंत कळलं नाही.

खरं सांगायचं तर मी तिथे जास्त बोलत नसे. मालू बोलायची, मी लिहायचो. मधेच ती चहा मागवायची. बशीत ओतून माझ्याकडे सरकवायची, कारण कप धरताना माझा हात थरथरतो हे तिने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. बोलली मात्र कधी नाही.

माघात एका फोटोवर ती अडली. तिच्याच वीस-बाविसाव्या वर्षातला फोटो. मागे बोट, बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, एका उमद्या तरुणाचा हात. बाजूला ती, मान खाली, पण ओठांत हसू मावत नव्हतं.

"हे माजे," ती म्हणाली. "जाऊन पंधरा वर्सं झाली. चांगला मानूस. लई बोलायचे. झोपेत बी बोलायचे."

मी लिहिलं, 'मालूचा नवरा.' मग पेन्सिलीला टोक काढत बसलो.

"तुमी लई गप," ती म्हणाली.

"त्रास होतो?"

"नाय वं. आजवर मीच ऐकत आले. आता कोनतरी माजं ऐकतंय." मग ती बोंबलाची जुडी उगाचच सोडून पुन्हा बांधू लागली. "तुमचा एक फोटो काढला नि मागं लिवायचं झालं, तर काय लिवाल? तुमी कोनाचे?"

"मी... पुतण्या आहे. सून आहे. म्हणजे कोणाचा असा... नाही."

"असं नसतं," ती म्हणाली. बस, एवढंच.

त्या दिवशी मेमूत बसल्यावर मी गठ्ठा पुन्हा काढला. मघाच्या फोटोत काहीतरी ओळखीचं होतं. मी एकेक फोटो पाहत गेलो. इस्त्रीचा शर्ट घातलेले, केसांना तेल चोपडलेले, अवघडून उभे असलेले तरुण. प्रत्येकाचा हात नाळेवर, प्रत्येकाच्या शेजारी मान खाली घातलेली मुलगी. आणि त्यांच्या मागे मी मालूच्या सांगण्यावरून काय लिहिलं होतं? ह्याचा जावई, तिचा नवरा, त्याचा जावई. घरच्या पोरांपैकी एकाचाही हात नाळेवर नव्हता. ते सगळे आत, बोटीत चढून उभे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलीच्या माहेरच्या बोटीवर परक्याने हात ठेवून फोटोला उभं राहायचं, ही तिथली मागणी घालायची रीत होती. नागोठणं गेलं, रोहा आलं, मी उतरायचं विसरलो नाही एवढंच नशीब.

मालूला मी हे बोललो नाही. वाटलं, आपलं चुकत असेल. पुस्तकी माणसाला प्रत्येक गोष्टीत काहीतरी सापडतं.

शिमग्याला तिने बेटावर बोलावलं. तिच्या भावाची नात ऋतुजा, कॉलेजात शिकणारी, नारळी पौर्णिमेला हे सगळे फोटो मोठे करून देवळाच्या मंडपात लावणार होती. तिला वाटलं, जुन्या फोटोंच्या शेजारी नवेही असावेत. त्याच जागी, त्याच घराच्या माणसांचे.

धरमतरच्या जेट्टीवरून मी होडीत बसलो. शेजारून कोळसा वाहणाऱ्या मोठाल्या सपाट बार्ज-बोटी जात होत्या, त्यांच्या लाटांनी होडी डुलायची आणि मी दोन्ही हातांनी फळी धरायचो. बेटावर पाऊल ठेवलं तर सगळीकडे पताका, ढोल, रंगवलेल्या बोटी. ओहोटी लागलेली. बोटी चिखलात तिरक्या बसल्या होत्या, नटून दमलेल्या बायकांसारख्या.

मालूच्या माहेरची, म्हणजे तिच्या भाच्याची, साईराजची बोट निळी होती. त्याने सकाळीच नव्याने पट्टे मारले होते. ऋतुजाने आईचा तो पाटीवाला फोटो माझ्या हातात दिला. "काका, तुम्ही हा धरा आणि मला सांगा, आजी बरोबर तशीच उभी आहे का."

मालू बोटीशेजारी उभी राहिली. डोक्यावर पाटी, अंबाड्यात अबोली आणि चाफा. हिरवं लुगडं. मी जुना फोटो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. मग परत जुना फोटो पाहायचं राहूनच गेलं.

"काय वं, आयसारकी दिसते का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग?"

"तुमच्यासारख्या... दिसता."

बायका खिदळल्या. विमलबाई, जी पेणच्या बाजारात मालूच्या शेजारी मीठ विकते, ती ओरडली, "आगो मालू, बोलला गो बोलला!"

माझे कान तापले. मी मागे सरलो. ऋतुजा म्हणाली, "काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय, जरा उजवीकडे... तिकडं नको, चिखल आहे!"

तोवर पाय घसरला होता. मी पडलो नाही. कारण हात पुढे गेला आणि कशाला तरी टेकला. थंड, गुळगुळीत, ओलं.

नाळ.

ढोल वाजतच होता. मग बायकांनी जो गिल्ला केला! "हात ठेवला! गो, नाळेला हात ठेवला यानं!" म्हातारे कोळी टाळ्या पिटत होते. साईराज डोक्याला हात लावून हसत होता. मालूच्या डोक्यावरची पाटी हलली, तिने ती एका हाताने सावरली आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडाशी नेला. पदराच्या वर डोळे तेवढे दिसत होते, आणि ते माझ्याकडेच होते.

"अवं, हात काढा," ती हळूच म्हणाली. "रंग ओला हाय."

मी हात काढला नाही.

म्हणजे, काढला. पण लगेच नाही. पाय केव्हाच सावरला होता. कोणीही पाहून सांगितलं असतं की या माणसाला आता आधाराची गरज नाही. ऋतुजाने बटण दाबलं ते त्याच वेळी.

मग मात्र मी इतका घाबरलो की जेवणावर बसून घास मोजत राहिलो आणि पहिल्या होडीने परत निघालो. मालू जेट्टीपर्यंत आली. मी होडीत चढलो. होडी सुटताना ती म्हणाली, "घासलेट लावा. जाईल रंग."

घरी मी घासलेट लावलं नाही. मनालीने निळा तळवा पाहिला. "काका, हे काय?"

"बोटीचा रंग."

"तुमचा चेहरा तर लाल झालाय."

रंग हळूहळू आपोआप गेला. नखाच्या कडेला तेवढा बरेच दिवस राहिला.

त्यानंतर पत्र आलं.

आणि मी काय केलं? पेणला जाणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणालो. पावसाचं कारण सांगितलं. रोज टेबलाशी बसून उत्तर लिहायला घ्यायचो. एक मसुदा इतका अलंकारिक झाला की तो मालूऐवजी एखाद्या मासिकाला पाठवावा लागला असता. एकात मी माझ्या वयाबद्दल, गुडघ्याबद्दल आणि पेन्शनबद्दल एवढं लिहिलं की तो विम्याचा अर्ज वाटला. सगळे फाडले.

भीती वेगळीच होती. वाटायचं, ती विचारतेय ती माझी सुटका करायला. पाय घसरला असं मी लिहावं, गावातली चेष्टा संपावी, तिने मोकळं व्हावं. 'राग नाही' असं कोण लिहितं? ज्याला नकार हवा असतो तोच ना? मी 'आपणहून' लिहिलं, आणि तिला ते नकोच असलं तर? मग बाजाराचे दिवस गेले, बशीतला चहा गेला, 'हा कोणाचा' विचारणं गेलं.

मनालीला शेवटी सगळं सांगितलं. ती रात्रपाळीला जायच्या घाईत होती, तरी बसली.

"काका, तिनं लिहून कळवा म्हटलंय ना?"

"हो."

"नको असतं तर विचारलंच कशाला असतं? गप्प बसणं तुम्हाला येतं, तसं तिलाही आलं असतंच की." ती उठली. "आणि ती सुकट संपली. मला आता सवय लागलीय. जाऊन आणा."

आषाढ संपता संपता एका उघडिपीच्या सकाळी मी पेणला गेलो. पिशवीत वाल. आणि फोटो, त्याच्या पाकिटासह. तो मी रोजच पिशवीत ठेवत असे, का ते विचारू नका.

मालूची जागा रिकामी होती. शेजारी प्लॅस्टिक ताणून विमलबाई बसली होती. मला पाहताच तिने मीठ मोजायचं थांबवलं.

"आलात का? आमाला वाटलं, गेलात वर."

"मालू कुठे?"

पहिल्यांदाच मालू म्हणालो, चारचौघांत. विमलबाईच्या भुवया चढल्या.

"बेटावर. आता मासेमारी बंद, बोटी वर वढल्यात, डागडुजी चाललीय. पोर्निमेला पान्यात घालायच्या, तवर रंगवून झाल्या पायजेत. सगळ्या झाल्या. साईराजची तेवडी राहिली."

"का?"

"का म्हनून मलाच इचारता?" तिने माप ठेवलं. "तुमचा हात हाय ना तिच्यावर. पाच बोटं, जशीच्या तशी उमटल्यात. साईराज डबा घेऊन गेला तर मालू आडवी आली. म्हनली, उत्तर येऊ दे. पोर्निमेपत्तूर नाय आलं, तर मीच मारीन रंग, माज्या हातानं." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज उतरला. "रोज पोस्टमनच्या होडीला सामोरी जाते ओ ती. सुकट घ्यायचा बहाना करून. पोस्टमन सुकट इकतो का कदी?"

मी वालांची पिशवी खाली ठेवली. एवढे दिवस मी जे उत्तर शोधत होतो ते ओल्या रंगात मीच देऊन ठेवलं होतं, आणि ती ते पुसू देत नव्हती. तिला फक्त ते नीट वाचून हवं होतं.

"विमलबाई, पेन आहे?"

"मिठाच्या दुकानात?" मग तिने कनवटीची पिशवी उलटी केली आणि एक बुटकं बॉलपेन काढलं. "हिशेबाचं हाय. परत द्या."

मी फ्रेमवाल्याच्या त्याच पायरीवर बसलो. आत काचेमागे मोबाइलची रंगीत कव्हरं लटकत होती. पिशवीतून फोटो बाहेर काढला. डावीकडे हिरव्या लुगड्यातली, पाटी सावरणारी, पदराआडून हसणारी. मध्ये निळ्या बोटीची नाळ. उजवीकडे पायाला चिखल लागलेला एक म्हातारा, चष्मा घसरलेला, तोंड उघडं. हात मात्र घट्ट. तो माणूस घाबरलेला दिसत नव्हता, हे मला पहिल्यांदाच दिसलं.

फोटो उलटा केला. मागची बाजू कोरी. या वेळी पहिलं वाक्य खोडलं नाही.

'डावीकडे धोंडुबाईची मालू. मध्ये तिच्या माहेरची बोट. पाय घसरला होता. हात आपणहून.'

मग थोडं थांबलो. रीतीप्रमाणे अजून एक राहिलं होतं.

'उजवीकडे मालूचा, दामोदर.'

विमलबाई मान उंच करून बघत होती. "झालं? द्या माज्याकडं. सांजच्या होडीनं जानारच हाय मी. उद्याची वाट कशाला?"

"नको. पोस्टाने टाकतो."

"का? माज्यावर भरोसा नाय?"

"माझ्यावर नाही," मी म्हणालो. "तुमच्याकडे दिलं तर जेट्टीपर्यंत धावत येऊन परत मागेन."

ती इतकी हसली की मिठात हात टेकला. पेन परत घेताना म्हणाली, "वाल द्या तेवडे. ते तरी नेते. नायतर म्हनंल, हाती काय धाडलंच नाय." मी वाल दिले. निघालो तर तिने पुन्हा हाक मारली. "आनि ओ जावई! छत्री इसरलात!"

भर बाजारात. चार डोकी वळली. मी छत्री घेतली, आणि आश्चर्य म्हणजे, मला पळून जावंसं वाटलं नाही.

पोस्टात नवं पाकीट घेतलं, त्यावर पत्ता लिहिला. तिकीट लावलं. गोंद जरा जास्तच लावला, बोटं चिकट झाली. बाहेर भिंतीला लाल पेटी होती, पावसाने धुतलेली, चकचकीत. तिच्या तोंडात पाकीट धरून मी क्षणभर थांबलो...

सोडलं.

आत कुठेतरी ते खाली पडल्याचा हलका आवाज झाला. मी हात पेटीवर ठेवला. थंड होती, गुळगुळीत, ओली. काढायची घाई वाटेना.

मागे पाकीट घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली, "काका, झालं का तुमचं?"

"झालं," मी म्हणालो, आणि मग हात काढला.